क्ले शूटिंगच्या मॅचला खायला-प्यायला काय न्यायचं: कोल्हापूरच्या बाजारातल्या डब्याचा रिव्ह्यू

कोल्हापुरात पोरगं खेळाडू झालं म्हणलं की घरात पहिला विषय निघतो खुराकाचा, खेळ कुठलाय ते नंतर. दूध, बदामाची थंडाई, तूप, अंडी, रविवारी मटण, कारण आपल्याकडं खेळाडू म्हणजे पैलवान हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि १९१२ सालापासून खासबाग मैदान ज्या गावात आहे तिथं ते बसणारच. पण ट्रॅप नाहीतर स्कीट, म्हणजे हवेत सुटलेली तबकडी (क्ले) शॉटगननं फोडायचे खेळ, त्यांच्या मॅचला हा खुराक चालत नाही. तिथं थोडं थोडं, कमी तिखट, कमी तेलाचं आणि दर राऊंडनंतर खायला लागतं, आणि त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्याच बाजारात मिळतंय, बाहेरून महागातल्या पावडरी मागवायची काही गरज नाही. म्हणून हा रिव्ह्यू. यातली एकेक गोष्ट मॅचच्या दिवशी उन्हात वापरून बघितलेली आहे.

ज्यांच्या घरात नवीन शूटर आहे त्यांच्यासाठी आधी मॅचचा दिवस कसा असतो ते सांगतो. ट्रॅपची क्वालिफिकेशन १२५ क्लेची, २५ चे पाच राऊंड, बहुतेक वेळा दोन दिवसांत, पहिल्या दिवशी ७५ आणि दुसऱ्या दिवशी ५०. स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, सहा जण, स्टेशन म्हणजे उभं राहायच्या जागा पाच, एक क्ले झाली की पुढच्या स्टेशनवर सरकायचं. राऊंड वीस-पंचवीस मिनिटांत संपतो पण पुढचा राऊंड कधी तासानं, कधी दोन तासांनी, क्ले फेकायचं मशीन बिघडलं तर अजून उशिरा, आणि तेवढा वेळ मांडवाखाली नाहीतर गाडीच्या सावलीत बसायचं. ११० मिमीची तबकडी, वजन साधारण १०५ ग्रॅम, ताशी शंभर किमीच्या वर वेगानं सुटते, आणि बार टाकायला सेकंदाच्या आतला वेळ. म्हणजे अंगात ताकद असून भागत नाही, दिवसभर डोकं आणि डोळा एकसारखा ताजा पाहिजे, पहिल्या क्लेला जसा तसाच पंचाहत्तराव्या क्लेला.

आता कुणीतरी म्हणणार की आपला स्वप्निल कुसाळे तर पॅरिस ऑलिंपिकला फायनलच्या दिवशी फक्त काळा चहा पिऊन गेला होता. खरंय, त्यानंच नंतर सांगितलं होतं, आणि २०२४ चं ते ब्राँझ बघताना सगळ्या जिल्ह्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. पण ती रायफलची फायनल, एका बैठकीत संपणारी, आणि मागं इतक्या वर्षांची तयारी. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल, आपल्या जिल्ह्याचं नाव मोठं झालं ते रायफल-पिस्तूलवर, म्हणून आपल्याकडं खाण्याचा सल्लापण त्याच रेंजवरचा फिरतो. शॉटगनवाला दिवसभर उघड्यावर असतो. त्याचं गणित वेगळं.

सकाळपासून सुरू करू. पहिल्या राऊंडच्या अडीच-तीन तास आधी नाश्ता झालेला पाहिजे. माझ्या हिशेबानं उप्पीट एक नंबर, घरचं, तेल कमी, शेंगदाणे जरा जास्त, मिरची नावाला. दोन-तीन इडल्याही चालतात, सांबार अर्धी वाटी, कोल्हापुरात सांबारपण तिखटच करतात त्यामुळं चटणीवर भागवा. पोहे ठीक, पण गाडीवरचे नको, त्यात तेल सुटलेलं असतं आणि वरनं फरसाण. लोणी डोसा सोडून द्या, चव लै भारी पण लोणी पोटात बसून राहतं आणि मग वेस्ट (काडतुसांच्या खिशांचं जाकीट) घालून बंदूक खांद्याला लावताना जड जड वाटतं.

मिसळीचं बोललं नाही तर लोक सोडणार नाहीत. फडतरे, बावडा, खासबाग, तुमची आवडती कुठलीपण असू दे, चवीला माझ्याकडनं दहापैकी दहा. मॅचच्या सकाळी शून्य. कटातलं तेल-तिखट, मोड आलेल्या मटकीनं होणारा गॅस, वरनं लागणारी तहान, हे सगळं दुसऱ्या राऊंडला बरोबर वर येतं. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, तिखट हाताला राहतं. कांदा-लसूण चटणी बोटाला लागलेली, कपाळावरचा घाम पुसताना तेच बोट डोळ्याच्या कोपऱ्याला लागलं की तो राऊंड गेला. आमच्या स्क्वॉडमधल्या एका चांगल्या पोराचं असं झालेलं बघितलंय, चार स्टेशन डोळा चोळत होता बिचारा. म्हणून डब्यात कांदा-लसूण चटणी मॅच संपेपर्यंत नाही म्हणजे नाही.

दूध कट्ट्याचा रिव्ह्यू वेगळा द्यायला पाहिजे. गंगावेशला समोर म्हैस उभी, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात, हे सुख कोल्हापूर सोडून कुठं मिळत नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. तिथं पाठीवर बंदुकीची बॅग दिसली तरी मामा म्हणतात, "काय पैलवान, अजून एक ग्लास हुईल की." प्रेमानंच म्हणतात. पण ते कच्चं दूध असतं, न उकळलेलं, आणि म्हशीचं म्हणजे साय चांगली. मॅचच्या दोन दिवस आधीपासून मी ते बंद ठेवतो, पोटाची जोखीम कशाला घ्यायची. दूध लागतच असेल तर रात्री झोपताना घरी उकळलेलं, हळद घालून, अर्धा ग्लास. थंडाईचंही तसंच, तालमीतून जोर-बैठका मारून आलेल्याला ती जिरते, खुर्चीवर बसून नंबरची वाट बघणाऱ्याला झोप आणते.

आता मुख्य माल, दोन राऊंडच्या मधलं खाणं. इथं माझं पहिलं बक्षीस गूळ-शेंगदाण्याला, आणि हे मी गावाच्या प्रेमापोटी बोलत नाही. गुळानं पटकन साखर मिळते, शेंगदाण्यातल्या प्रोटीन आणि तेलानं ती जरा सावकाश उतरते, त्यामुळं नुसतं ग्लुकोज खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जी मरगळ येते ती येत नाही. एका वेळी सुपारीएवढा खडा आणि मूठभर शेंगदाणे, बास. राऊंड संपल्यावर दहा मिनिटांनी खायचं, पुढच्या राऊंडला उभं राहायच्या अर्धा तास आधी तोंड बंद. शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच, आणि कोल्हापुरी गुळाला आता जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, तर घेताना जरा बघून घ्या. एकदम पिवळाधमक, चमकणारा गूळ दिसला की बहुतेक वेळा त्यात रंग उजळवायची हायड्रोस ही रासायनिक पावडर मारलेली असते. मला गडद तांबूस, जरा मऊ असलेला लागतो, भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला. गुऱ्हाळ चालू असताना थंडीत ओळखीच्या गुऱ्हाळघरातनं एक ढेप आणून ठेवली तर घरच्या शूटरचं वर्ष निघतं. एक अडचण आहे, उन्हात गूळ पाघळतो आणि हात चिकट होतात, म्हणून आमच्याकडं दाण्याचा कूट आणि गूळ कुटून छोटे लाडू करतात, एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळून. दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क एवढ्यासाठी कापला की जास्त खाल्ले तर दाताला चिकटतात आणि तहान लागते.

राजगिऱ्याचा लाडू साडेआठ. हलका, पोटात काही जाणवत नाही, कुठल्यापण किराणा दुकानात मिळतो, पण ताजा बघून घ्या, जुना झाला की दगड होतो. राजगिऱ्याची चिक्की त्याच्यापेक्षा चांगली टिकते. केळं तर आहेच, स्वस्त, धुवायची भानगड नाही, साल पकडून हात न लावता खाता येतं. कपिलतीर्थ मार्केटमधनं मॅचच्या आदल्या संध्याकाळी घ्यायचं, जरा कच्चट, म्हणजे दुसऱ्या दिवशी बॅगेत काळं पडत नाही. भडंग मला जीव की प्राण, जयसिंगपूरचं असो नाहीतर सांगलीचं, आणि त्यातलं मीठ घामाच्या दिवशी कामाला येतं, पण लसूण-तिखटवालं मॅचला नाही चालत. घरी साधं करा, चुरमुरे, शेंगदाणे, जरासं तेल, मीठ, हळद, कढीपत्ता, झालं. आणि चमच्यानं खा.

चमच्यानं का, ते नीट सांगतो कारण ह्याच्यावर आपल्याकडं कुणी बोलत नाही. बारा बोअरच्या काडतुसात २४ ग्रॅम शिशाचे छर्रे, वरनं प्रायमरमध्येही (काडतूस पेटवणाऱ्या टोपीत) शिशाचं संयुग. ट्रॅपला एका क्लेला दोन बार टाकता येतात म्हणजे एका राऊंडला पन्नासपर्यंत काडतुसं हातातनं जातात. ती धूळ बोटांना, मिशीला, वेस्टला बसते आणि तोच हात थेट डब्यात. शिसं शरीरात साठत जातं, लहान पोरांना त्याचा त्रास जास्त. सॅनिटायझरनं शिसं जात नाही, तो फक्त जंतू मारतो, साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. त्यामुळं आमच्या गाडीत खाण्याच्या बॅगेच्या आधी पाच लिटरचा कॅन आणि साबणाची वडी जाते. हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि वेस्टच्या काडतुसांच्या खिशात चिक्की-गोळ्या कोंबायच्या नाहीत. ज्युनिअर पोरांच्या आया ह्या बाबतीत बापांपेक्षा कडक असतात आणि ते बरोबरच आहे.

प्यायचं काय ते खाण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. वजनाच्या साधारण २ टक्के पाणी अंगातनं गेलं की लक्ष लागत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये कानावर आवाज अडवणारा मफ, डोक्यावर टोपी, अंगात वेस्ट घालून ते कधी गेलं कळतपण नाही. मॅचच्या तीन-चार तास आधी किलोला ५ ते ७ मिली पाणी, म्हणजे ७० किलोच्या माणसानं साडेतीनशे ते पाचशे मिली सावकाश प्यायचं, मग दिवसभर घोट घोट. एकदम तांब्याभर ढोसला की स्टेशन तीनवर पोचेपर्यंत लघवीची आठवण होते, आणि स्क्वॉड तुमच्यासाठी थांबत नाही.

पाण्याच्या जोडीला माझी पसंती ताकाला. घरचं पातळ ताक, मीठ, जिरेपूड, थर्मासमध्ये, किंवा घाईत गोकुळची नाहीतर वारणेची पिशवी घेऊन बर्फाच्या डब्यात टाकायची. ताक उघड्या बाटलीत ठेवलं तर दुपारी आंबट होतं, तेव्हा थर्मास चांगला घ्या, इथं पैसे वाचवू नका. ताकापेक्षाही चांगली म्हणजे नाचणीची आंबील. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला आंबील घरोघरी होते, आपल्या सगळ्यांच्या जिभेवर ती चव आहे, पण मॅचला न्यायचं कुणाला सुचत नाही. नाचणीचं पीठ शिजवून पातळ, गार झाल्यावर ताक आणि मीठ, लसूण असला तर एखादी पाकळी. खाणं आणि पिणं दोन्ही एकातच, पोटाला गार, आणि ग्लासानं पिता येत असल्यामुळं हाताचा प्रश्न नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या राऊंडच्या मधे जेव्हा काही चावायची इच्छा होत नाही तेव्हा अर्धा ग्लास आंबील. दहापैकी दहा, मॅचला न्यायच्या यादीत एकटी.

नारळपाण्याबद्दल जरा गैरसमज आहे. त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, आणि घामातनं जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणून नारळपाणी प्यायलो म्हणजे झालं असं नाही, सोबत मिठाचं काहीतरी पाहिजे. उसाचा रस, आलं-लिंबू घालून, कोल्हापूरकराला नको म्हणणं अवघड, पण रस्त्यावरचा बर्फ आणि एका ग्लासात एवढी साखर, दोन्ही मॅचनंतर. कोकम सरबत घरचं असेल तर चांगलं, मीठ घालून. आणि खूपच ऊन असेल, पाय-बिय वळायला लागले तर सरळ मेडिकलमधनं डब्ल्यूएचओ फॉर्म्युलावालं ओआरएसचं पाकीट घ्या, एक लिटर पाण्यात एक पाकीट, अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट असला प्रकार करू नका. पूर्वी गोड सरबताच्या बाटल्यांवरपण ओआरएस लिहून विकायचे, २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) ते बंद केलं, तरी दुकानात मागताना फॉर्म्युला वाचून घ्या.

चहा. हा माणसामाणसाचा विषय. रोज पिणाऱ्यानं मॅचच्या दिवशी एकदम सोडला तर डोकं धरतं, आणि एरवी न पिणाऱ्यानं सगळे पितात म्हणून तीन कटिंग मारले तर हात थरथरतो, छाती धडधडते. कॅफिन अंगातनं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सकाळी नऊचा कप दुपारच्या राऊंडलाही थोडा असतोच. तुमचा रोजचा जेवढा आहे तेवढाच, त्याच वेळेला. एनर्जी ड्रिंकचे कॅन पोरं रेंजवर हिरोसारखे उघडतात, मला ते अजिबात पटत नाही, साखर आणि कॅफिन एकदम चढतं आणि एकदम उतरतं, क्लेला असा चढ-उतार नको असतो.

रेंजवरच्या स्टॉलबद्दल काय सांगू. मी ज्या ज्या रेंजला गेलोय तिथं बहुतेक ठिकाणी वडापाव, समोसा, कोल्ड्रिंक आणि चहा, एवढंच. एका ठिकाणी दुपारी तेलाचा वास लांबूनच येत होता आणि पोरं तेच खाऊन तिसऱ्या राऊंडला गेली, संध्याकाळी दोघांची पोटं बिघडली. आयोजकांना एवढीच विनंती आहे की उकडलेली अंडी, केळी, दहीभात आणि गार पाण्याचा जार, एवढं ठेवलं तरी पोरांचे स्कोर सुधारतील. तोपर्यंत डबा घरून.

आणि दुपारच्या डब्यात दहीभात. मऊ भात, ताजं दही, थोडं दूध घालून म्हणजे आंबत नाही, वरनं जिरं-कढीपत्त्याची फोडणी, मिरची वगळून. पोटभर नाही, निम्मं पोट. उरलेला संध्याकाळी खायचा विचार करू नका, उन्हाळ्यात तो टाकून द्यावा लागतो.

दिल्लीला कर्णीसिंग रेंजवर नॅशनलला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. निजामुद्दीन एक्सप्रेसचा प्रवास लांबचा, स्टेशनवरचं खाऊन पोट खराब करून उतरायचं नसेल तर दशम्या घेऊन जा, दुधात मळलेल्या, दोन दिवस छान राहतात, धपाटेही राहतात, सोबत दाण्याची चटणी तिखट कमी करून, आणि गुळाची ढेप. थंडीत तिथं तहान लागत नाही आणि तिथंच माणूस फसतो, घाम दिसत नाही पण कोरडी हवा पाणी काढून घेते. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, सकाळी नाचणीची गरम पेज. तिथले छोले-भटुरे, पराठे मॅच झाल्यावर.

औषधांचं एक महत्त्वाचं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करून हाताची थरथर थांबवणाऱ्या असतात, शूटिंगमध्ये त्या स्पर्धेच्या वेळीच नाही तर एरवीपण बंदी असलेल्या आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन्ही मेडलं प्रोप्रॅनोलॉल ह्या अशाच औषधामुळं काढून घेतली होती. मोठ्या वयाच्या शूटरनं डॉक्टरांना आधीच सांगावं की मी नेमबाजी करतो, गोळी आपल्या मनानं बंद करू नये. जिममधल्या सप्लिमेंटच्या डब्यात काय काय मिसळलेलं असतं ते लेबलवर नेहमी येत नाही, म्हणून तेपण टाळलेलं बरं. दारूचं तर बोलायलाच नको, आदल्या रात्रीपासूनच नाही, हातात बंदूक असते.

पहिल्या दिवशी ७५ झाल्यावर संध्याकाळी पोरं म्हणतात, चला तांबडा-पांढरा मारू. माझं स्पष्ट मत, नको. अजून ५० शिल्लक आहेत. त्या रात्री भाकरी, मूगडाळीचं वरण, दुधी नाहीतर दोडका, आणि मटणच पाहिजे म्हणणाऱ्याला पांढरा रस्सा एक वाटी, आळणी मटण दोन तुकडे, दहाच्या आत झोप. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं, बंदूक साफ झाली, हात साबणानं दोनदा धुतले, की मग ज्या हॉटेलात तुमचा जीव अडकलाय तिथं बसा, पद्मा, ओपल, पारख, कुठंपण, आणि ताट आल्यावर पांढरा आधी प्या, तांबडा नंतर.